ढाकोबावर रांग नाही

जुलै 2023 मध्ये लोहगडाच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी झाली की वर जाणाऱ्याला वर सरकता येईना आणि खाली येणाऱ्याला खाली. माणसे तासन्‌तास जागच्या जागी उभी. त्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या, लोकांनी कपाळाला हात लावला, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांची आणि हरिहरच्या उभ्या पायऱ्यांची गत वेगळी नाही. सुटीच्या दिवशी तिथे डोंगर चढायचा म्हणजे पुढच्याच्या बुटांकडे बघत उभे राहायचे.

त्याच रविवारी जुन्नरच्या पश्चिमेला दुर्ग आणि ढाकोबा हे दोन डोंगर बहुतेक मोकळेच असतात. उंचीच्या यादीत त्यांना मान नाही. 1,646 मीटरच्या कळसूबाईपुढे बाराशे मीटरच्या आसपासच्या या डोंगरांची कोण दखल घेणार? दुर्गावर तटबंदी जवळपास उरलेली नाही, ढाकोबाला किल्ला म्हणावे की नुसता डोंगर, यावरच दुर्गप्रेमींचे एकमत होत नाही. इथे शिवजन्म झाला नाही की कुठला मोठा तहही झाला नाही. तरीही एका दिवसात, फार दम न काढता, सह्याद्री कसा उभा आहे हे डोळ्यांनी बघायचे असेल, तर पुणे जिल्ह्यात या जोडीइतका चोख सौदा क्वचितच मिळेल.

याचे कारण उंचीत नाही, जागेत आहे. जुन्नर शहरच समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास वसले आहे. तिथून आपटाळ्यावरून आंबे-हातवीजकडे गाडी निघाली की रस्ता हळूहळू चढतच राहतो, आणि दुर्गवाडीला पोहोचेपर्यंत बरीचशी उंची इंजिनानेच कमावलेली असते. उरतो तो अर्ध्या तासाचाही नसलेला चढ. पण माथ्यावर जाऊन पश्चिमेला दोन पावले टाकली की जमीन संपते. खाली मुरबाडचे कोकण सुमारे हजार मीटर खोल पसरलेले असते. रस्त्याकडून बैठे दिसणारे घर मागच्या बाजूला दरीत तीन मजले उतरावे, तशी या डोंगरांची रचना आहे. देशावरून ते बुटके दिसतात, कोकणातून बघणाऱ्याची मान दुखते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे पठार झाले आणि त्याची पश्चिम कड झिजत झिजत मागे सरकली, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेले असते. ते थर मोजता येतात ते मात्र ढाकोबाच्या कड्यावर. काळा, मग जरा तांबूस, पुन्हा काळा, मध्ये गवताची हिरवी किंवा पिवळी पट्टी. दुपारचे ऊन तिरके झाले की पट्ट्या आणखी ठसठशीत होतात. भूगोलाच्या शिक्षकांनी एक सहल इथे काढली, तर फळ्यावर खडू झिजवायचे दोन तास तरी वाचतील.

चालायचा क्रम साधा आहे. दुर्गवाडीत सकाळी उतरायचे. डोंगराच्या पायथ्याशी दाट झाडीत दुर्गादेवीचे देऊळ आहे. देवीच्या धाकाने राखलेली ही देवराई, म्हणून इथली झाडे जाडजूड बुंध्यांची आणि इथली सावली भर उन्हातही गार. देवळामागून दुर्गाच्या माथ्यावर जाऊन यायचे, मग हातवीजच्या पठारावरून कड्याच्या कडेने उत्तरेकडे निघायचे. भाताची खाचरे, मधूनच ओढा, कारवीचे रान, पुन्हा खाचरे.  तिथून पुढे ढाकोबाचे देऊळ, देवळामागची सोंड चढून माथा, आणि दुपार कलताना आंबोलीत उतरायचे. चालणाऱ्याच्या पायांवर अवलंबून सहा ते आठ तास. दोर लागत नाही, शिडी लागत नाही. कड्याच्या टोकाशी मात्र आडदांडपणा चालत नाही. ऑक्टोबरनंतर वाळलेल्या गवतावरून बूट असा काही सटकतो की पावसातले शेवाळ परवडले, आणि कुसळे मोज्यांतून आत शिरून घरी पोहोचेपर्यंत टोचत राहतात.

ढाकोबाच्या माथ्यावरून जे दिसते त्याची यादी करायची तर बसकण मारूनच करावी लागते. उत्तरेला जीवधन, त्याच्या कुशीतला वानरलिंगी सुळका आणि पलीकडे नानाचा अंगठा. हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगडाचा पसाराही ओळखू येतो. पूर्वेला चावंड, हडसर, त्यांच्या मध्ये माणिकडोह धरणाचे पाणी, आणि दूर शिवनेरी. दक्षिणेला नुकताच सोडलेला दुर्ग, त्यामागे आंबेगाव तालुक्यातली आहुप्याची कड आणि भीमाशंकरचे जंगल. पश्चिमेला पायाशी कोकण, आणि त्यातून उठलेले गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा निम्मा इतिहास आणि जवळजवळ सगळे पाणी एका बैठकीत नजरेत येते. मीना नदी या ढाकोबाच्याच पूर्व उतारावर उगम पावते. कुकडी चावंडजवळच्या पूरला, जिथे कुकडेश्वराचे देऊळ आहे. घोड आहुप्याच्या बाजूला. माणिकडोह, वडज, डिंभे, येडगाव आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांवर खालचा ऊस, द्राक्षे आणि नारायणगावचा टोमॅटो उभा आहे. माथ्यावर पडलेल्या पावसाचा पूर्वेचा थेंब घोड-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जातो, हातभर पश्चिमेला पडलेला थेंब उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राकडे.

डोंगर बघायचा तर सगळ्यांत उंच, सगळ्यांत अवघड, सगळ्यांत गाजलेला, ही खोड आपल्याकडे कुठून आली कोण जाणे. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक 978 मीटरचे आहे, म्हणजे दुर्ग-ढाकोबाच काय, आपला शिवनेरीही त्याहून उंच भरेल. पण त्याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये आल्फ्रेड वेनराइट नावाच्या, केंडल गावच्या पालिकेत खजिनदार असलेल्या गृहस्थाने 1955 ते 1966 या काळात 214 टेकड्यांवर सात पुस्तके हाताने लिहून, हाताने चित्रे काढून सिद्ध केली. आज हजारो लोक त्या 214 टेकड्या एकेक करून आयुष्यभर पुऱ्या करतात. टोकियोजवळचा ताकाओ डोंगर जेमतेम 599 मीटरचा, तरी वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक माणसे त्यावर जातात. मराठीत आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकाने लहानमोठ्या सगळ्या डोंगरांना सारखा मान दिला होता. पुढे मोबाइलवरची दहा-बारा ठिकाणे उरली आणि बाकीचा सह्याद्री नकाशावरून पुसल्यासारखा झाला.

त्यात हंगामाचा घोळ आहे. गर्दी होते ती जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा घाटमाथ्यावर ढग उतरलेले असतात आणि दहा हातांपलीकडचे काही दिसत नाही. नाणेघाटातला उलटा धबधबा बघायला निघालेल्यांपैकी कितीजण धुक्याचेच फोटो काढून परततात! पावसातला सह्याद्री सुंदर असतो, त्याला कोणाची ना नाही. पण देखाव्यासाठी जायचे तर दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस. सप्टेंबरअखेरीस सोनकीने पठारे पिवळी होतात, ऑक्टोबरपासून हवा निवळते, डिसेंबर-जानेवारीत सकाळी सगळे कडे कापून ठेवल्यासारखे दिसतात. मार्चनंतर धुरकट हवा, वणवे आणि कोरडी टाकी. म्हणजे जे पाच महिने या डोंगरांचे खरे, त्यात ते रिकामे, आणि ज्या दोन महिन्यांत निसरडे आणि आंधळे, त्यात सगळ्यांना तिकडेच जायचे असते. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढले. अशी बंदी काही आठवडे टिकते आणि तिची आठवण दुर्घटनेनंतरच येते. लोकांना हिवाळ्यात डोंगराकडे वळवले तर निम्मी बंदी लागणारच नाही, हे सरकारी कागदावर कुठे दिसत नाही.

दुर्ग-ढाकोबाच्या कड्यावरून चालताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ही सगळी कड म्हणजे घाटवाटांच्या दारांची रांग आहे. उत्तरेला नाणेघाट, मध्ये दाऱ्या घाट, दक्षिणेला आहुपे घाट. नाणेघाट सातवाहनांच्या काळातला, सव्वादोन-दोन हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरले आहेत. भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असे आजही सांगतात. बाकीच्या घाटांना असे वैभव नाही, पण त्यांवरूनही बैल चढले, मीठ चढले, भात उतरला.

या वाटा ओळखताना चुकणारा आजचा ट्रेकर पहिला नव्हे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात मुंबईहून जुन्नरला निघाला, तिथल्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून. जायचे होते नाणेघाटाने. वाट चुकली आणि स्वारी अवघड अशा आहुपे घाटाने वर आली. परतताना मात्र नाणेघाटाने उतरली. म्हणजे दुर्ग आणि ढाकोबा ज्या कड्यावर आहेत, त्याची दोन्ही टोके या साहेबाने नकळत पायाखाली घातली. पुढे 1698 मध्ये त्याचे प्रवासवर्णन लंडनला छापून निघाले. वाटाड्याला नीट पैसे मिळाले नाहीत की काय, ही शंका आजही आहुपे घाट चढताना कोणाच्याही मनात यावी.

वाटाड्याचा विषय निघालाच आहे, तर या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. राज्य सरकारने 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले आणि त्यांत शिवनेरी आहे. आनंदाचीच गोष्ट. आता शिवनेरीकडे पैसा येईल, माणसेही येतील. पण पर्यटन तालुका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कमान उभी राहते, वाहनतळ, पेव्हर ब्लॉक, रेलिंग आणि त्यावर मोठ्या अक्षरांत उद्घाटकाचे नाव. शिवनेरीसारख्या गर्दीच्या ठिकाणी यातले काही लागतेच. ढाकोबावर यातले काहीही नको. तिथे हवी आहे ती वाट, आणि वाटेवर माणूस.

खोडद-नारायणगावच्या दुर्बिणी बघायला, ओझर-लेण्याद्रीला, शिवनेरीला गाड्या भरून येतात आणि संध्याकाळी पुण्या-मुंबईला परत जातात. तालुक्याच्या पूर्वेला हॉटेले चालतात, पेट्रोलपंप चालतात. पश्चिमेच्या डोंगरात दुर्गवाडी, हातवीज, आंबे, आंबोली या महादेव कोळ्यांच्या गावांच्या पदरात त्यातले फारसे पडत नाही. तिथे भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. बाळहिरडा झाडून, अंगणात वाळवून व्यापाऱ्याला घालायचा, हा बहुतेक घरांचा रोख पैशांचा मोठा आधार. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर, आंबेगावातली हिरड्याची झाडे मोडली तेव्हा या घरांचे पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न गेले, आणि भरपाईसाठी त्यांना मोर्चे काढावे लागले. अशा गावांमध्ये हिवाळ्याचे चार महिने आठवड्याला वीस-पंचवीस माणसे चालायला आली, रात्री एखाद्या घरी मुक्काम केला, नाचणीची भाकरी आणि पिठले पैसे मोजून खाल्ले आणि सकाळी गावातलाच पोरगा वाटाड्या म्हणून घेतला, तर त्याचा हिशेब कोणत्याही कमानीपेक्षा सरस निघेल. मात्र दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला हवा. दोनशे-तीनशे रुपयांवरून हुज्जत घालणारे, आणि परत पुण्यात जाऊन गावकऱ्यांच्या साधेपणाचे गोडवे गाणारे पर्यटक काही कमी नाहीत.

दुसरी गोष्ट एसटीची. दुर्ग-ढाकोबाची चाल एका गावात सुरू होते आणि दुसऱ्यात संपते. स्वतःची गाडी घेऊन गेलेल्या माणसाला ती पुरी करताच येत नाही, कारण संध्याकाळी गाडी दुर्गवाडीत आणि माणूस आंबोलीत. मग लोक अर्ध्यातून परत फिरतात किंवा जातच नाहीत. या चालीला मुक्कामी एसटीच शोभते: संध्याकाळी जुन्नरहून निघून गावात रात्र काढणारी आणि सकाळी परत फिरणारी. 2021-22 च्या लांबलेल्या संपानंतर खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांविषयी राज्यभर तक्रारी आल्या. डोंगरातल्या गावांना त्याची झळ अधिक बसते, कारण तिथे एसटी नुसती माणसांची ने-आण करत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हा बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या वळणावर गाडी घेऊन आला तर गावच दिसेना. दीडशेहून अधिक माणसे त्या दरडीत गेली.

माळीणची आठवण या लेखात मुद्दाम. दुर्घटनेनंतर अनेकांनी डोंगरउतारांवर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवले होते. आज सह्याद्रीत घाटमाथ्यावर कड्याच्या तोंडाशी प्लॉट पाडणे, ‘व्ह्यू’ विकणे जोरात आहे. जेसीबी ज्या उताराला हात घालतो तो पुढच्या जुलैत काय करेल याची हमी प्लॉट विकणारा देत नाही. ढाकोबाचा देखावा विकाऊ झाला तर तो ढाकोबाचा राहणार नाही, हे झालेच. पण त्याआधी खालच्या वाडीचे काय होईल, हे विचारायला हवे.

यावर लगेच एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांनी डोंगर जसाच्या तसा ठेवा म्हणायचे, आणि तिथल्या बाईने बाळंतपणासाठी तासभर झोळीतून जायचे, हे कुठले शहाणपण? दाऱ्या घाटातून मुंबईला जवळचा रस्ता काढावा ही जुन्नरकरांची फार जुनी मागणी आहे. निवडणूक आली की ती वर येते. रस्ता मागणाऱ्याला पर्यावरणद्रोही ठरवण्याचा अधिकार आठवड्यातून एकदा बूट घालून येणाऱ्याला नाही. रस्ता व्हायचा की बोगदा, की काहीच नाही, हे भूगर्भशास्त्र आणि खर्च बघून ठरावे. पण रस्ता झाला म्हणून पायवाट मोडायला हवी असे कोणी सांगितले? माळशेज घाटात गाडीरस्ता झाला आणि जुन्या पाऊलवाटा लोक विसरले. दाऱ्या घाटाची वाट सरकारी नकाशावर पायवाट म्हणून नोंदवली गेली, तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे आणि थोडा निधी वन विभागाकडून आला, तर रस्ता होवो न होवो, वाट शिल्लक राहील.

देखभाल म्हणजे तरी काय? दसऱ्याआधी एकदा कारवी आणि काटे छाटणे. जिथे वाटा फुटतात आणि ढोरवाटा माणसाला भलतीकडे नेतात, तिथे दगडावर रंगाचा बाण. कड्याच्या तोंडाशी एक फलक. आणि पावसात वाट बंद असेल तर तसे गावाच्या वेशीवरच लिहिलेले. बिबट्याची भीती घालणारे बरेच भेटतात. बिबट्याचा वावर मुख्यतः खालच्या उसाच्या पट्ट्यात आहे, माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्यामुळेच निघाले. तरी अंधार पडायच्या आत गावात उतरावे हा नियम चांगलाच, बिबट्या असो वा नसो.

एकदा दुर्ग-ढाकोबाचे जमले की पुढच्या वाटा आपोआप सुचतात. चावंडच्या कोरलेल्या पायऱ्या आणि माथ्यावरची सात टाकी; अहमदनगरच्या निजामशाहीतला बहादूर नावाचा लहानगा वारस याच किल्ल्यावर कैदेत होता. हडसरचे एका अखंड कातळातून कोरून काढलेले दरवाजे. निमगिरी आणि हनुमंतगड ही खिंडीने जोडलेली जोडी. आंबेगावच्या बाजूला आहुप्याची देवराई आणि तिथून कड्याच्या कडेने भीमाशंकरकडे जाणारी वाट, जी अभयारण्यातून जाते, म्हणून वन विभागाचे नियम पाळूनच. यातली कुठलीही वाट एका दिवसाची.

शिवनेरीच्या वारसा आराखड्यावर आता बैठका होतील, सल्लागार येतील, सादरीकरणे होतील. त्या आराखड्यात एक पान पश्चिमेच्या डोंगरांसाठी ठेवायला हरकत नाही. सुरुवात दुर्गवाडी ते आंबोली या एकाच वाटेने करावी. चार ग्रामपंचायती, वन विभाग आणि जुन्नरचे एसटी आगार यांनी नवरात्रापूर्वी एकदा एकत्र बसावे. वाटाड्यांची यादी, मुक्कामाच्या घरांची यादी, गाडीची वेळ, एवढेच ठरवायचे आहे. खर्च एका प्रवेशकमानीच्या रंगकामाइतकाही येणार नाही, आणि म्हणूनच कदाचित ते कोणी मनावर घेणार नाही. पण यंदाची दिवाळीची सुटी अजून हातात आहे.